आवटी सरांची मास्टर फाईल

दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भरतेश आवटी सर फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘जावा आठमधील नवीन वैशिष्ट्ये’ असं लिहितात, खाली दोन रेघा मारतात, खडूची धूळ झटकतात आणि वळून मुलांना सांगतात, "आता नीट लक्ष द्या. हे एकदम नवीन आहे."

हे वाक्य मी दहा वर्षं ऐकते आहे. जावा ही संगणकाची भाषा आणि आठ ही तिची आवृत्ती. ती आली २०१४ च्या मार्चमध्ये. तेव्हापासून आणखी पंधरा आवृत्त्या येऊन गेल्या. सर ज्या मुलांना हे ‘नवीन’ शिकवतात, ती तेव्हा चौथी-पाचवीत होती. मी एकदा सरांना हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "सिलॅबसमध्ये नवीन लिव्हलंय न्हवं? मग नवीनच." आणि डस्टर टेबलावर आपटून निघून गेले.

मी संयोगिता. सांगली-आष्टा रस्त्यावरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळते. तीस संगणक, दोन प्रिंटर, एक लोखंडी कपाट आणि एक पंखा, जो फिरतो पण वारा देत नाही. कराडजवळच्या गावातून दोन एसट्या बदलून येते. वडील सैन्यात सुभेदार होते. त्यांच्याकडून मला एक गोष्ट आली, पाट्या टाकणारा माणूस दिसला की डोकं फिरतं. आणि आवटी सरांइतक्या निष्ठेनं पाट्या टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सर सांगलीहून मोटरसायकलवर येतात. इस्त्रीचा शर्ट, खिशात लाल पेन आणि निळं पेन, मागच्या खिशात घडी घातलेला रुमाल. पाचच्या ठोक्याला निघतात, कारण घरी सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला हवं. वागायला माणूस वाईट नाही. कुणावर हात उगारत नाहीत, मुलींशी नीट बोलतात, रजेच्या अर्जावर खोटं कारण लिहीत नाहीत. पण लॅबमध्ये आले की दारातच थांबतात, हात पाठीमागे बांधून. आत येऊन मशीनला हात लावताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मुलानं एखादी शंका विचारली की म्हणायचे, "मास्टर बघ."

मास्टर म्हणजे मास्टर फाईल. आमच्याकडे प्रोग्रॅमचं जर्नल हातानं लिहावं लागतं. उजव्या पानावर प्रोग्रॅम, डाव्या कोऱ्या पानावर त्याचं आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅम चालवल्यावर पडद्यावर जे उमटतं ते, चौकट आखून. असे बारा प्रोग्रॅम. कॉलेजच्या फाटकासमोर आकारामचं झेरॉक्सचं दुकान आहे. सरांच्या त्या मास्टर फाईलच्या झेरॉक्स तिथं आयत्या मिळतात. मुलं ती आणतात, रात्रभर किंवा लेक्चरला मागच्या बाकावर बसून उतरवतात आणि जमा करतात. सर मास्टर शेजारी उघडून ठेवतात आणि पानाला पान ताडून सही करतात. जुळलं की सही. कॉलेजच्या भाषेत याला प्रॅक्टिकल म्हणतात.

आता नववा प्रोग्रॅम. जावा आठनं तारखेसाठी एक चांगली सोय दिली. दोन ओळी लिहायच्या, चालवायचं, आजची तारीख छापून येते. ज्या दिवशी चालवाल त्या दिवसाची. यात समजायला अवघड असं काही नाही.

सरांच्या मास्टर फाईलमध्ये या प्रोग्रॅमचं आउटपुट आहे, अकरा मार्च दोन हजार पंधरा.

पुढच्या बॅचच्या सगळ्या जर्नलांत अकरा मार्च दोन हजार पंधरा. त्याच्या पुढच्याही. नोटाबंदीच्या वर्षी तेच, कोरोनातून कॉलेज परत उघडलं तेव्हाही तेच. साडेपाचशे-सहाशे मुलांनी आज कोणती तारीख आहे असं संगणकाला विचारलं आणि संगणकानं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, असं आमच्या कपाटातली जर्नलं सांगतात. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. नंतर दरवर्षी जर्नलं कपाटात लावताना नववं पान उघडून बघायचा मला नादच लागला. घरी जाऊन भावजयीला सांगायचे, यंदाही अकरा मार्च.

खरं सांगायचं तर तो अकरा मार्च मला आठवतो. त्या दिवशी सरांनी तो प्रोग्रॅम खरोखर चालवला होता. पुण्याला आठवडाभराचा कोर्स करून ते नुकतेच परतले होते आणि एकेक प्रोग्रॅम स्वतः लिहून, चालवून, वहीत उतरवत होते. पाच वाजून गेले, सूर्य बुडाला, जेवण हुकलं, तरी उठेनात. मला हाक मारून म्हणाले, "संयोगिता, हिकडं ये. बघ, आधी ह्याला धा ओळी लागायच्या. आता दोन!" मी तेव्हा नवीन होते, मला वाटलं काय हुशार माणूस आहे. होतेच हुशार. पण त्या वहीची मास्टर फाईल झाली, विभागप्रमुखांनी तिचं कौतुक केलं आणि सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर त्यांनी नवीन काही शिकल्याचं मला माहीत नाही.

यंदा ब्राह्मी शेटेनं घोटाळा केला. म्हणजे तिनं प्रोग्रॅम चालवला.

ब्राह्मी आष्ट्याची. वडील जयपाल शेटे, बी-बियाणांचं दुकान. मुलगी सडपातळ, हळू बोलणारी, पण जेवणाच्या सुट्टीत लॅब उघडी दिसली की येऊन बसणारी. पुण्यातल्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं. अट एकच, एकाही विषयात मागं राहता कामा नये. जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, आणि प्रॅक्टिकल गेलं की विषय गेला, नोकरी गेली.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी जर्नलं तपासायला सुरुवात झाली. मी प्रिंटरचा कागद द्यायला सरांच्या केबिनमध्ये गेले होते. ब्राह्मी टेबलासमोर उभी, आणि तिच्या नवव्या प्रोग्रॅमवर लाल फुली.

"हे काय लिव्हलंयस?" सर म्हणाले.

"तारीख सर. नऊ ऑक्टोबर दोन हजार चोवीस. त्या दिवशी मी चालवला हुता."

"मास्टरमध्ये काय हाय?"

"अकरा मार्च दोन हजार पंधरा."

"मग?"

"मग ती तारीख आता कशी यील सर?"

"बासष्ट जणांची आली. तुझीच कशी न्हाई आली?"

ब्राह्मीनं लाल फुलीकडं बघितलं. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि मलाही नाही. सरांनी जर्नल मिटून तिच्याकडं सरकवलं. "पान फाड, नीट लिहून आण. शुक्रवारपातुर. त्याच्यानंतर मी सही करणार न्हाई."

ती लॅबमध्ये येऊन बसली. म्हणाली, "ताई, लिहून टाकू का? एक ओळ तर हाय." मी म्हणाले, थांब. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. विभागप्रमुख बुधवारी भेटले, आधी त्यांच्याकडं गेले. त्यांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, "आवटी सर बघतील." म्हणून परत आवटी सरांकडं.

सरांनी मला बसायला सांगितलं आणि अगदी शांतपणे समजावलं. "हे बघ. परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातनं एक्सटर्नल येतो, त्येला एकसारखं दिसलं पायजे. एकाचं येगळं दिसलं की तो थांबतो. थांबला की इचारतो. इचारायला लागला की संपलं."

"पण सर, तिचंच बरोबर आहे."

"बरोबर हाय ओ! मी कुठं न्हाई म्हणतोय?" मग जरा विचार करून, मोठं मन दाखवल्यासारखे म्हणाले, "असं कर. तुझ्या लॅबमधल्या एका मशीनची तारीख मागं घे. अकरा मार्च पंधरा लाव. पोरगीला परत चालवू दे. खरंखुरं आउटपुट यील, तिला बी लबाडी केल्यासारखं वाटायचं न्हाई."

एक इंजिनिअर, वीस वर्षं शिकवणारा, मला सांगत होता की एका फुलीसाठी संगणकाला नऊ वर्षं मागं ने. रागात माझी गावाकडची भाषा बाहेर येते. मी म्हणाले, "सर, तुमी शेवटचा प्रोग्रॅम कवा चालवला वो?"

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"न्हाई, सांगाच. ही नववी दोन ओळींची तारीख, तुमी माझ्यासमोर चालवून दावा. अकरा मार्च आली तर मी सोता पान फाडते तिचं."

बाहेर दोन-तीन मुलं रेंगाळत होती, त्यांनी कान टवकारले. तेवढ्यासाठी सर उठले. नाहीतर उठले नसते.

त्याच दुपारी, सोळा ऑक्टोबरला, आवटी सर लॅबच्या दारातून आत आले आणि सात नंबरच्या मशीनवर बसले. ब्राह्मी शेजारी उभी. एका बोटानं ते टाइप करायला लागले. चष्मा वर, चष्मा खाली. दोन ओळी लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. चालवलं, तर पडद्यावर लाल अक्षरांत चुकांची यादी. सरांनी हात पटकन मांडीवर घेतले. मी तोंड दुसरीकडं वळवलं नाही. बघत राहिले, मुद्दाम.

"सर, वरची इंपोर्टची ओळ ऱ्हायली," ब्राह्मी हळूच म्हणाली. त्यांनी ती लिहिली. ब्राह्मीनं बोट न लावता कुठं काय ते सांगितलं, त्यांनी ते केलं. परत चालवलं.

सोळा ऑक्टोबर दोन हजार चोवीस.

सरांनी पडद्याकडं बघितलं, भिंतीवरच्या साखर कारखान्याच्या कॅलेंडरकडं बघितलं, परत पडद्याकडं बघितलं. "बरोबर हाय की," ते म्हणाले. आवाजात खरंच आनंद होता. "लय बेस केलंय हे जावावाल्यांनी." त्यांनी आणखी एकदा चालवलं. परत सोळा ऑक्टोबर आली. जाताना ब्राह्मीला म्हणाले, "तुझी सही उद्या करतो." मला वाटलं, माणूस इतकाही कामातून गेलेला नाही. घरी जाताना एसटीत मी स्वतःवर खूश होते.

गुरुवारी सकाळी सरांनी वर्गात सांगितलं, "मास्टर फाईल अपडेट केली हाय. नऊ नंबरच्या आउटपुटमध्ये चूक हुती. ब्राह्मी शेटेची फाईल आकारामकडं ठिवली हाय. सगळ्यांनी नववं पान तिच्यावरनं परत लिहून आणा. नऊ ऑक्टोबर दोन हजार चोवीस."

मी तीन मजले चढून केबिनमध्ये गेले. "सर, तीस मशीन आहेत. दोन तासांत सगळे चालवतील. प्रत्येकाला आपापलं चालवून लिहू द्या."

"बासष्ट पोरं आणि बासष्ट तारखा?" सर माझ्याकडं बघायला लागले, जणू डोकं माझं फिरलं होतं. "मग मी ताडायचं कशाशी?"

काल याच माणसानं स्वतःच्या हातानं दोनदा प्रोग्रॅम चालवून त्या दिवसाची तारीख आलेली पाहिली होती. आणि ती तारीख नऊ नव्हती, सोळा होती! त्यातून ते एवढंच शिकले की जुनी मास्टर चुकीची आहे, नवी पाहिजे. मला हसूसुद्धा आलं नाही. आकारामच्या दुकानात रांग लागली, मुलांनी पानं फाडली, परत लिहिली आणि ब्राह्मीला मनसोक्त शिव्या घातल्या. शुक्रवारी सगळ्यांना सह्या मिळाल्या, तिलाही मिळाली. तीन दिवस तिच्या बाकावर शेजारी कुणी बसलं नाही.

सव्वीस नोव्हेंबरला प्रॅक्टिकल परीक्षा. एक्सटर्नल साताऱ्याहून आले होते. तरुण, बारीक, डोळे तिखट. विभागप्रमुखांनी आणलेला नाश्ता त्यांनी बाजूला सारला आणि थेट लॅबमध्ये आले. आमच्याकडं असा एक्सटर्नल मी पहिल्यांदाच पाहत होते. सर त्यांच्या मागं उभे, हात पाठीशी.

ब्राह्मीचा नंबर आला. त्यांनी जर्नल चाळलं, नवव्या पानावर थांबले. "हा आत्ता चालवला तर काय येईल?"

"आजची तारीख सर. सव्वीस नोव्हेंबर."

"छान." त्यांनी जर्नल मिटलं आणि सहज गठ्ठ्यातलं दुसरं उचललं. नववं पान. मग तिसरं, चौथं. मग सावकाश सात-आठ काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवली. सगळीकडं नऊ ऑक्टोबर. "आवटी सर," ते म्हणाले, "हे काय आहे? मुलांनी प्रोग्रॅम चालवलेत की एकमेकांचं उतरवलंय? उतरवलेलं असेल तर मला ही सगळी जर्नलं रद्द करावी लागतील."

सरांचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी त्यांच्याकडं बघत होते. कपाळावर घाम, मागच्या खिशातल्या रुमालाकडं गेलेला हात तिथंच अडकलेला. त्या क्षणाची मी कित्येक वर्षं वाट पाहिली होती, हे लपवत नाही. मनात म्हटलं, आता भोगा.

"सर," ब्राह्मी म्हणाली, "नऊ ऑक्टोबरला सगळ्या वर्गाचं प्रॅक्टिकल एकदमच हुतं. दोन बॅचमध्ये. आवटी सरांनी समोर उभं राहून करून घेतलं."

एक्सटर्नलनी तिच्याकडं बघितलं. ती खाली बघत नव्हती. "सगळे हजर होते त्या दिवशी?"

"व्हय सर. सरांनी सक्ती केली हुती."

त्यांनी आणखी क्षणभर बघितलं आणि जर्नलं मिटली. "शिस्त आहे तुमच्याकडं," आवटी सरांना म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. दुपारी साडेतीनला सगळं आटोपलं. बासष्ट आणि एक, सगळे पास. सर एक्सटर्नलना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि परत आले ते थेट केबिनमध्ये. ब्राह्मीच्या समोरून गेले, पण तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आभार मानायला तरी थांबायचं, एवढीही लाज त्या माणसाला नव्हती.

मी ब्राह्मीला जिन्यात गाठलं. "खोटं का बोललीस गं? एवढं भांडले मी त्या तारखेसाठी, आणि आज तू स्वतःच..."

"ताई, जर्नलं रद्द झाली असती. त्रेसष्ट जणांची. माझं बी." ती बॅगचा पट्टा नीट करत म्हणाली. "आणि सर लय घाबरले हुते. तुमी बघितलं न्हाई?"

"बघितलं. घाबरायलाच पाहिजे. दहा वर्षं ती एकच तारीख पोरांच्या माथी मारतोय हा माणूस. दरवर्षी जर्नलं मी लावते कपाटात, मला माहीत नाही काय?"

ब्राह्मी थांबली. "म्हंजे तुमाला पहिल्यापास्नं म्हाईत हुतं?"

"हो तर. पहिल्या वर्षापासून."

"मग तवाच का न्हाई बोलला?" तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "मशीन तर तुमच्याकडंच हाय की ताई. तुमी तवाच एकदा सरांना बसवलं असतं, तर ही येळ आली नसती."

खालून तिची मैत्रीण हाक मारत होती, आष्ट्याची गाडी लागली होती. ती माझ्या उत्तरासाठी दोन पायऱ्या खाली जाऊन थांबली, मग ‘येते ताई’ म्हणून निघून गेली. बरं झालं गेली. सर गप्प राहिले ते भीतीनं. मला कुणाची भीती नव्हती. मला त्या तारखेची मजा वाटत होती.